कलाबाईंच्या विहिरीचं पाणी

शुभांगी बोलायला लागली की माणसं दार लावून घ्यायचं विसरायची. पाण्याचे फिल्टर विकणाऱ्या कंपनीत लागून तिला अजून वर्ष झालं नव्हतं, तरी नाशिकच्या शाखेत तिच्याइतके फिल्टर दुसरं कुणी विकत नव्हतं. ती फार चलाख होती असं नाही. जे सांगायची त्यावर तिचा स्वतःचा विश्वास होता आणि तो समोरच्याला दिसायचा.

सकाळी कॉलेज रोडच्या ऑफिसात जायचं, पत्ते घ्यायचे आणि स्कूटीवर निघायचं. कधी इंदिरानगर, कधी सिडको, कधी पाथर्डी फाट्याच्या नव्या इमारती. बॅगेत काचेचे दोन ग्लास, पाण्यातले क्षार मोजायचा पेनाएवढा मीटर आणि एक छोटं यंत्र. खरी जादू त्या यंत्राची होती. डाव्या ग्लासात घरच्या नळाचं पाणी घ्यायचं, उजव्यात बाटलीतून सोबत आणलेलं कंपनीच्या आरओ मशीनचं. दोन्हीवर मिळून ते यंत्र ठेवायचं, म्हणजे त्याच्या धातूच्या गजांची एकेक जोडी दोन्ही पाण्यांत बुडायची. मग वायर प्लगमध्ये घालायची. बघता बघता डाव्या ग्लासात बुडबुडे यायचे, पाणी पिवळं व्हायचं, मग हिरवट, मग तपकिरी, आणि वर काळसर गाळाचा थर जमायचा. उजव्या ग्लासातलं पाणी मात्र जवळपास होतं तसंच राहायचं.

"गिऱ्हाइकाला आकडे सांगत बसू नका," शाखेचे मॅनेजर महेश सर ट्रेनिंगमध्ये सांगायचे. "डोळ्यांनी दिसू द्या. मग फक्त एकच वाक्य बोलायचं."

ते वाक्य शुभांगीला झोपेतून उठवलं तरी म्हणता आलं असतं. "हे सगळं रोज थोडं थोडं शरीरात साचतं, मॅडम, आणि शेवटी सगळा भार किडनीवर येतो." एवढं बोलून ती गप्प बसायची. तो तपकिरी ग्लास टेबलावर तसाच असायचा. घरातली बाई नवऱ्याकडे बघायची, नवरा ग्लासाकडे बघायचा, आणि शुभांगी बॅगेतून पावतीपुस्तक काढायची.

किडनी हा शब्द उच्चारताना तिचा आवाज आपोआप हलका व्हायचा. तिचे वडील पुंजाराम, घरात सगळे त्यांना नाना म्हणत, किडनी निकामी होऊनच गेले होते. कुंभमेळ्याच्या वर्षी, श्रावणात. शाही स्नानाच्या दिवशी शहरातले रस्ते बंद होते, म्हणून डायलिसिसला नेताना म्हसरूळवरून वळसा घालून जावं लागलं होतं, आणि नाना गाडीत मागच्या सीटवर डोळे मिटून पडून होते. ते आठवलं की शुभांगीला वाटायचं, आपण निदान दुसऱ्यांच्या घरी तरी ही वेळ येऊ देत नाही.

मखमलाबादच्या शिवारात त्यांचा मळा होता. झेंडू, शेवंती, मधल्या पट्ट्यात मेथी, कोथिंबीर, पालक. मोठा भाऊ जीवन शेती बघायचा, आई कलाबाई तोडणीपासून फुलबाजारापर्यंत सगळीकडे असायची. महापालिकेचा नळ अजून मळ्यापर्यंत आला नव्हता. घर, मळा, गडीमाणसं, सगळं एका विहिरीवर चालायचं. ती विहीर नानांनी लग्नाच्या पुढल्या वर्षी खोल केली होती. कलाबाई तेव्हा नवी नवरी. विहिरीतून वर येणारी मातीची पाटी तीही ओढायची. पाणी लागलं त्या दिवशी सगळ्या वस्तीला गूळ वाटला होता, हे तिने मुलांना कितीतरी वेळा सांगितलं होतं. घरासमोरच्या चिंचेखाली तिने रांजण ठेवला होता. रस्त्याने जाणारा कुणीही थांबून पाणी प्यायचा, आणि कलाबाई ओट्यावरून विचारायची, "गार हाय ना?"

दसरा तोंडावर आला होता. झेंडूच्या तोडणीची घाई चाललेली. त्या तिमाहीत सगळ्यात जास्त विक्री केली म्हणून कंपनीने शुभांगीला एक आरओ मशीन भेट दिलं. रविवारी सकाळी फिटर येऊन ते स्वयंपाकघरात भिंतीवर बसवून गेला. जीवनने मशीनपुढे नारळ फोडला. कलाबाईने मशीनला हळदकुंकू लावलं आणि पहिला ग्लास भरून घोटभर चाखला.

"चव नाय गं याला काही," ती म्हणाली.

"चव म्हणजेच क्षार, आई. थांब, तुला दाखवते."

दुपारची सुट्टी झाली होती. तोडणीच्या बायका, साळूबाई आणि कुसाबाई, ओट्यावर भाकरी सोडून बसल्या होत्या. लाईट होती. शुभांगीने आतून वायर ओढून आणली, पाटावर दोन ग्लास मांडले, एकात रांजणातलं पाणी घेतलं, दुसऱ्यात मशीनचं. परक्या घरात जाऊन करते ते आपल्या माणसांसमोर करताना तिला थोडी लाजही वाटत होती आणि अभिमानही. तिने प्लग लावला.

विहिरीचं पाणी शहरातल्या कुठल्याही नळापेक्षा लवकर बदललं. पिवळ्याचं तपकिरी व्हायला वेळच लागला नाही. मग जाड, काळपट फेस वर आला आणि ग्लासाच्या काठाला लागला.

"अगं बया," साळूबाई म्हणाली आणि हातातला तांब्या खाली ठेवला.

कलाबाई वाकून बघत होती. "हे आपल्या विहिरीचं?"

"हो. आणि हे बघ मशीनचं. बघ ना किती फरक आहे."

कलाबाईने दुसऱ्या ग्लासाकडे बघितलंच नाही. "आन् तुझ्या नानांच्या पोटात हेच जात व्हतं?"

शुभांगीच्या तोंडून पाठ झालेलं वाक्य बाहेर पडलं. "रोज थोडं थोडं साचतं, आई. शेवटी सगळा भार किडनीवर येतो."

आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर कळलं. पण वाक्य परत घेता येईना. कलाबाई सरळ उभी राहिली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "झाक ते." मग ती घरात गेली.

संध्याकाळी शुभांगीने बघितलं तर चिंचेखाली ओल होती आणि रांजण पालथा घातलेला होता.

कलाबाई रडली नाही, कुणाला काही बोललीही नाही. दसऱ्याचं काम होतं ते तिने केलं, फुलबाजारात क्रेट मोजून दिले, हार ओवले. पण तोडणीच्या बायकांना तिने सांगितलं, येताना घरून पाणी आणत जा. साळूबाईने ही गोष्ट वस्तीत नेली असणार, कारण शेजारचा मल्हारी दोन्ही घरांच्या बांधावरून ओरडून विचारून गेला की विहिरीत काय पडलं म्हणून. कलाबाईने त्यालाही उत्तर दिलं नाही. विहिरीवर जायचं तिने सोडलं. मोटर सुरू करायला ती जीवनला हाक मारू लागली.

"काय सांगितलंस तू तिला?" जीवनने एका सकाळी शुभांगीला गोठ्यापाशी गाठून विचारलं. "नीट जेवत नाही ती. काल मेथी निवडता निवडता मला म्हणते, मी हाताने पाजलं रे. मी म्हटलं, काय पाजलं? तर उठून गेली."

शुभांगीने आईशी बोलायचा प्रयत्न केला. नानांना ब्लडप्रेशर होतं, ते कित्येक वर्षं कळलंच नव्हतं, डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं, हे तिने पुन्हा सांगून बघितलं.

"तू म्हणली ना, साचतं," कलाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मुलगी शिकलेली, रोज हेच काम करणारी. तिने पाणी तपासून दाखवलं होतं. कलाबाईच्या दृष्टीने त्यात शंका घेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दिवाळीनंतर ऑफिसात महेश सरांनी सगळ्यांच्या बॅगा तपासायला घेतल्या. शुभांगीचं यंत्र हातात घेऊन ते म्हणाले, "अगं, हे गज किती झिजलेत. असं घेऊन जाऊ नकोस, गिऱ्हाइकाला बरं दिसत नाही. कपाटातून नवीन घे."

तिने नवीन गज घेतले. जुने कागदात गुंडाळून टाकायला निघाली आणि थबकली. डाव्या ग्लासात बुडणाऱ्या जोडीतला लोखंडी गज पेन्सिलीच्या टोकासारखा निमुळता झाला होता, खड्डे पडले होते. उजव्या ग्लासातला तसाच लोखंडी गज मात्र नवाच वाटत होता. दोन्ही एकाच दिवशी बसवलेले. दोन्ही तेवढाच वेळ पाण्यात.

"सर, हा एकच झिजतो. असं का?"

"घाण पाण्यात झिजणारच," महेश सर दुसऱ्या बॅगेत बघत म्हणाले.

"पण झिजलेलं लोखंड जातं कुठे?"

महेश सरांनी वर बघितलं. "शुभांगी, आज तुला सिडकोत तीन डेमो आहेत ना?"

जुने गज बॅगेतच ठेवून ती गेली. तिन्ही डेमो केले. पण प्रत्येक वेळी पाणी तपकिरी व्हायला लागलं की तिचं लक्ष पाण्याऐवजी गजाकडे जात होतं. रंग गजापासून सुरू होत होता. गजाच्या अंगावरून तो धुरासारखा खाली उतरत होता. इतके महिने तिने हे शंभरदा बघितलं असेल, पण तिची नजर तेव्हा समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर असायची. त्या दिवशी तिन्ही घरी ती तिचं ते एक वाक्य बोललीच नाही. एकही फिल्टर विकला गेला नाही.

शनिवारी दुपारी आई आणि जीवन फुलबाजारात गेले असताना तिने स्वयंपाकघराच्या ओट्यावर ग्लास मांडले. दोन्हीत मशीनचंच पाणी घेतलं. मग मिठाच्या बरणीतून चिमूटभर मीठ काढून उजव्या ग्लासात टाकलं, चमच्याने ढवळलं आणि यंत्र सुरू केलं.

डाव्या ग्लासात काही झालं नाही. उजव्यात बुडबुडे आले. पाणी पिवळं झालं, हिरवं झालं, तपकिरी झालं आणि वर फेस जमला. तोच काळपट फेस.

पाणी मशीनचं होतं आणि मीठ घरातलं. ज्या पाण्यात क्षार असतात त्यातून वीज जाते, आणि वीज गेली की लोखंड विरघळतं. ग्लासात दिसत होता तो गजाचा गंज होता. पाण्यात क्षार आहेत एवढंच त्यातून कळत होतं, आणि ते तर पेनाएवढा मीटरही सांगतो. शुभांगीने प्लग काढला आणि ती जमिनीवर बसून राहिली. तिला नाशिक रोडचं एक म्हातारं जोडपं आठवलं. डेमो बघून त्या आजींनी भरलेला पिंप तिच्यासमोरच मोरीत ओतला होता. त्यांच्याकडे गंगापूर धरणाचं, महापालिकेने शुद्ध केलेलं, चांगलं मऊ पाणी येत होतं. मीटरवरचा आकडाही तेव्हा कमीच होता. आकडे सांगायचे नाहीत म्हणून तिने तो सांगितला नव्हता.

लगेच धावत जाऊन आईला सांगावं असं तिला वाटलं. पण ती थांबली. गाळ गजाचा होता हे कळलं, पण विहिरीचं पाणी कसं आहे ते कुठे कळलं होतं? आता आईला काही सांगायचं तर ते पुरतं माहीत करूनच सांगायचं.

सोमवारी ती रिकामी बिसलेरीची बाटली विहिरीवर भरून घेऊन सरकारी प्रयोगशाळेत गेली. खिडकीतल्या बाईंनी बाटली हातातही घेतली नाही.

"ही चालणार नाही. आमची निर्जंतुक केलेली बाटली घेऊन जा, त्यात भरा. तोंडाला हात लावू नका. भरली की लगेच आणायची, संध्याकाळपर्यंत ठेवायची नाही."

ती परत गेली, सांगितलं तसं पाणी भरलं आणि घेऊन आली. काही दिवसांनी निकाल आणायला गेली तेव्हा त्याच बाईंनी तिला आत बोलावून बसवलं.

"पाणी कठीण आहे. तुमच्याकडे डाळ लवकर शिजत नसेल."

"नाही शिजत. आई आदल्या दिवशीच भिजत घालते."

"लोखंड वगैरे नावालाच आहे. क्षार जास्त आहेत, पण आपल्याकडच्या बऱ्याच विहिरींना असतात तेवढेच. मात्र जंतू सापडलेत. विहिरीजवळ संडासाच्या टाक्या आहेत का?"

शुभांगीला बांधापलीकडची नवी बंगल्यांची कॉलनी आठवली. तिथे अजून ड्रेनेज नव्हतं. "आहेत. दोन-तीन वर्षं झाली."

"मग तेच. विहिरीत टीसीएल पावडर, ती जंतू मारायची, टाका, किती टाकायची ते लिहून देते. आणि पाणी उकळूनच प्या. नाही तर जुलाब होतील, कावीळ होईल."

"मॅडम, या पाण्याने किडनी जाते का?"

बाईंनी चष्मा काढला. "कोण म्हणालं?"

"मी," शुभांगी म्हणाली.

बाई म्हणाल्या, "या आकड्यांवरून तरी मी तसं म्हणणार नाही. घरात कुणाला त्रास झाला असेल तर डॉक्टरांना विचारा. ते माझं काम नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कलाबाई ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती. शुभांगीने पुन्हा पाट मांडला. यंत्र बघताच कलाबाईने मान फिरवली.

"नको ते."

"एकदाच, आई. या वेळी दोन्ही ग्लासांत मशीनचं पाणी. मीठ तू टाक."

कलाबाईने नाइलाजाने एका ग्लासात चिमूट सोडली. पाणी तपकिरी झालं. शुभांगीने यंत्र उचलून गज आईच्या हातात दिला, शेजारी जुना झिजलेला गज ठेवला आणि सगळं सांगितलं. प्रयोगशाळेत काय कळलं तेही सांगितलं. जंतूंचं लपवलं नाही.

कलाबाई गज बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी तू लोकांच्या घरी जाऊन हे खोटं दाखवती?"

"मला माहीत नव्हतं गं."

"आन् ते किडनीचं?"

"तेही शिकवलेलं. मी नुसतं पाठ म्हणत होते."

कलाबाईने गज खाली ठेवला आणि राहिलेल्या जुड्या बांधायला घेतल्या. तिचा चेहरा मोकळा झाला असं शुभांगीला वाटलं नाही. आईला एवढ्याने बरं वाटेल असं तिने धरलं होतं. पण आतमध्ये आणखी काहीतरी अडकलेलं होतं, आणि ते यंत्राने निघणारं नव्हतं.

"आई, आपण डॉक्टरांकडे जाऊ. नानांच्या. तुझंही ब्लडप्रेशर मोजून घेऊ."

कलाबाई लगेच तयार झाली, याचंच शुभांगीला नवल वाटलं.

नानांवर उपचार करणारे डॉक्टर गंगापूर रोडला बसायचे. त्यांनी कलाबाईला ओळखलं. दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर बघितलं, थोडं वाढलेलं आहे, मीठ कमी करा, म्हणाले. शुभांगीने पाण्याचा निकाल दाखवला. त्यांनी तो नीट वाचला.

"पुंजारामांचं ब्लडप्रेशर फार वर्षं वाढलेलं होतं. डोकं दुखतं म्हणून ते नुसत्या गोळ्या खात राहिले, मोजलं कधीच नाही. किडनी त्यानेच गेली. विहिरीच्या पाण्यावर मी बोट ठेवणार नाही."

कलाबाई खुर्चीच्या कडेवर बसली होती. "डॉक्टरसाहेब, एक विचारू का?"

"विचारा ना."

"तुम्ही सांगितलं व्हतं, पाणी मोजून द्या. दिवसाला एवढंच." तिने हाताने छोट्या भांड्याची उंची दाखवली. "शेवटी शेवटी त्यांना लय तहान लागायची. म्हणायचे, विहिरीचं दे गं, गार. पोरं बाहेर गेली का मी द्यायची. चोरून. कधी अर्धा पेला, कधी घोटभर. कुणाला सांगितलं नाय." ती थांबली नाही. "आधी वाटायचं, जाणाऱ्या माणसाची इच्छा केली. मग पोरीनं ते काळं पाणी दाखवलं. तवापासून वाटतं, मीच त्यांना..."

त्या दिवसांत नानांचं पाणी शुभांगीच मोजून ठेवायची, मापाच्या भांड्याने. आणि नाना तिच्याकडे कधी मागत नसत.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "कलाबाई, तुमच्यासारखं प्रत्येक घरात कुणीतरी देतं. आम्हाला माहीत असतं. पाणी मोजून द्यायचं ते अंगाला सूज येऊ नये, दम लागू नये म्हणून. पण तुम्ही सांगताय त्या घोटांनी त्यांचं आयुष्य कमी झालं नाही. त्यांची किडनी त्याच्या आधीच संपली होती. तहान मात्र भागली असेल."

"भागायची," कलाबाई म्हणाली. "डोळे मिटून प्यायचे." मग ती रडली. डॉक्टरांच्या केबिनमध्ये, पुढचा पेशंट दारात उभा असताना, ती बराच वेळ मोकळेपणाने रडली, आणि शुभांगी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

परत येताना स्कूटीवर मागे बसून कलाबाई म्हणाली, "भूक लागली गं. कुठंतरी मिसळ खाऊ."

ऑफिसात शुभांगीने महेश सरांना सांगितलं, यापुढे ते यंत्र ती नेणार नाही. महेश सर चिडले नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं.

"तुला काय वाटतं, मला माहीत नाही? सगळ्या कंपन्या हेच करतात. आपलं मशीन काही वाईट नाही ना? पाणी शुद्धच देतं ना?"

"देतं, सर. पण सगळ्यांना ते लागत नाही."

"लागतं का नाही ते गिऱ्हाईक ठरवेल."

"त्यांना भीती दाखवल्यावर काय ठरवणार ते?"

महेश सरांनी टेबलावरचं कॅलेंडर इकडून तिकडे सरकवलं. "बरं. नको नेऊस. पण महिनाअखेरीला आकडे मला वर द्यायचे असतात, एवढं लक्षात ठेव."

पहिल्याच आठवड्यात ती इंदिरानगरला उज्वला नावाच्या एका बाईकडे गेली. मुलगा सारखा आजारी पडतो म्हणून तिने स्वतःच फोन केला होता. शुभांगीने आधी विचारलं, पाणी कुठलं येतं? महापालिकेचं, पण इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतून. शुभांगीने मीटर घातला, आकडा कमी होता. "टाकी कधी धुतली होती?" उज्वलाला आठवेना. दोघी जिना चढून वर गेल्या. टाकीचं झाकण फुटलेलं होतं आणि आत कबुतराची पिसं तरंगत होती.

"तुम्हाला आमचं मोठं मशीन लागत नाही," शुभांगी म्हणाली. "आधी टाकी धुवून घ्या, झाकण बसवा. मग साधा, जंतू मारणारा फिल्टर घ्या, तो पुष्कळ झाला. बोअरचं पाणी असतं तर वेगळं सांगितलं असतं."

उज्वलाने विचारलं, "मग समोरच्यांना तुमच्या माणसाने मोठं का दिलं? त्यांचंही पाणी याच टाकीचं."

शुभांगीने यंत्राची गोष्ट सांगितली. समोरच्यांना फिल्टर देणारा माणूस दुसरा होता, पण यंत्र तेच होतं. उज्वलाने ऐकून घेतलं, चहा दिला, आणि कंपनीचा कुठलाच फिल्टर घेतला नाही. तुमच्या कंपनीवर आता माझा विश्वास नाही, असं तिने सरळ सांगितलं. ते शुभांगीला लागलं. खरं बोलल्यावर माणसं खूश होतील असं तिने कुठेतरी मनात धरलं होतं.

मकरसंक्रांतीच्या आसपास आकडे फारच खाली आले आणि तिने स्वतःच राजीनामा दिला. काही दिवस ती घरीच होती. विहिरीत पावडर टाकायचं काम तिने अंगावर घेतलं. जीवनने आणि मल्हारीने कॉलनीतल्या लोकांना भेटून संडासाच्या टाक्यांचं बोलून बघितलं. दोन घरांनी गळक्या टाक्या दुरुस्त केल्या, बाकीच्यांनी ड्रेनेज येईल तेव्हा बघू म्हणून हात वर केले.

घरातल्या मशीनचं काय करायचं हा प्रश्न कलाबाईनेच सोडवला. प्यायचं पाणी ती विहिरीचंच, पण चांगलं खळखळून उकळून गार करायची. मशीनचं पाणी तिने डाळीला लावलं.

"एका शिट्टीत मऊ," ती साळूबाईला सांगायची. "प्यायला ते लय बेचव, पण वरण मात्र असं होतं का विचारू नको."

पुढे उन्हाळ्यात शुभांगीला रविवार कारंजाजवळच्या भांड्यांच्या दुकानात काम मिळालं. पितळी भांडी, स्टीलचे पिंप आणि मागच्या भिंतीला वेगवेगळ्या कंपन्यांचे फिल्टर. मालक वयस्कर होते, त्यांना फिल्टरमधलं काही कळत नव्हतं. तिने त्यांना आधीच सांगितलं, मी माणसाला विचारल्याशिवाय काही दाखवणार नाही. ते म्हणाले, विचार की, विचारायला कुठे पैसे पडतात.

हळूहळू लोक तिलाच शोधत येऊ लागले. कुणी फिल्टरची कँडल बदलायला यायचं, कुणी नुसतं विचारायला. कधी ती फिल्टर विकायची, कधी टाकी धुवायला सांगून परत पाठवायची, आणि मालक काउंटरमागून कपाळाला हात लावायचे. पण गेलेलं गिऱ्हाईक कुकर घ्यायला तरी परत येतं, हे काही महिन्यांत त्यांच्या लक्षात आलं.

एका गुरुवारी सायखेड्याहून नवसाबाई आली. कलाबाईची धाकटी बहीण, शुभांगीची मावशी. एसटीने आली होती. हातात पाच लिटरचा कॅन, तोंडाला फडकं बांधलेलं. गावात नवीन बोअर झाला होता, आणि पाण्याचं काय करावं यावरून घरात रोज वाद.

"ताई म्हणली, पाणी घेऊन शुभांगीकडं जा, ती सांगंल," मावशी कॅन काउंटरवर ठेवत म्हणाली. "कोणतं मशीन घेऊ ते सांग आन् मोकळं कर मला."

शुभांगीने तिला स्टुलावर बसवलं, चहा सांगितला. मीटर काढायच्या आधी तिने विचारलं, "मावशी, आधी सांग, साबणाला फेस येतो का? डाळीला किती वेळ लागतो?"

"अगं, डाळीचं तर नावच काढू नको," नवसाबाई म्हणाली आणि पदर खोचून सविस्तर सांगायला लागली.